हातघाईचे युद्ध

हातघाईचे युद्ध : शत्रूच्या शस्त्राच्या पल्ल्यात शिरून तलवार, पट्टा, भाला, कट्यार यांसारख्या हातातून न सुटणाऱ्या शस्त्रांनी केलेले युद्ध. अग्निपुराणातील धनुर्वेदविषयक भागात यंत्रमुक्त, पाणिमुक्त, मुक्तसंधारित व अमुक्त असे शस्त्रांचे वर्ग पाडलेले असून बाहुयुद्ध हा पाचवा वर्ग मानलेला आहे. त्यांपैकी अमुक्त शस्त्रे, म्हणजे जी वापरताना हातातच राहतात ती, ही हातघाईच्या युद्धाची मुख्य साधने होत. धनुर्धारी किंवा बंदूकधारी सैनिकाला शत्रूपर्यंत पोहोचावे लागत नाही. त्याचा बाण अगर गोळी ते काम करते. हातघाईच्या योद्ध्याला मात्र स्वतःचे शरीरच शत्रूपर्यंत न्यावे लागते आणि जेथून तो वार करू शकतो, तेथे त्याच्यावरही वार होऊ शकतो. या युद्धप्रकारातील सर्व शस्त्रे, डावपेच व शिक्षण या एका अडचणीभोवती वाढलेले आहे.

योद्ध्याने शत्रूची जास्तीत जास्त हानी कशी करावी, हा प्रश्न पूर्वी रणांगणावर जीवनमरणाचा होता. हल्ली तोच प्रश्न संगणकावरील ऑनलाइन भूमिकाखेळांत (ज्यांत खेळाडू एखाद्या काल्पनिक पात्राची भूमिका घेतो) केवळ आकडेमोडीच्या रूपात विचारला जातो. दोन्ही ठिकाणी सामान्य समजूत अशी असते, की ज्याचा एक वार सर्वांत जड, तो योद्धा सर्वांत प्रभावी. ही समजूत अपुरी आहे. एकूण हानी ही एका वारावर अवलंबून नसून वाराचे बळ, वारांची गती आणि शत्रू पल्ल्यात असण्याचा काळ या तिहींच्या गुणाकारावर अवलंबून असते. गुणाकारातील एक घटक शून्य झाला, की बाकीचे दोन कितीही मोठे असले तरी फल शून्यच येते. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा व नळदुर्ग या किल्ल्यांची रचना याचा उत्तम पुरावा आहे. कारण चढाई करणाऱ्या योद्ध्याच्या हातचे बळ कमी करणे दुर्गकाराला शक्य नव्हते, पण त्याची गती व त्याचा काळ हिरावून घेणे शक्य होते.

आघाताचे गणित : गतिमान शस्त्राची गतिज ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या समप्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शस्त्र दुप्पट जड केल्यास व वेग तोच राखल्यास ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केल्यास ती चौपट होते. परंतु माणसाच्या स्नायूंचे सामर्थ्य मर्यादित असल्यामुळे शस्त्र जड झाले की त्याचा वेग घटतो, तसेच चुकलेला वार सावरून पुन्हा पवित्र्यात येण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून लढाऊ तलवारींचे वजन साधारणपणे एक ते दीड किग्रॅ. च्या आसपास राखलेले आढळते. ऊर्जा किती हे जसे महत्त्वाचे, तसेच ती किती क्षेत्रफळावर एकवटते हेही महत्त्वाचे असते. धार व टोक यांमुळे तीच ऊर्जा अत्यल्प जागी पडते आणि मांस, चामडे वा कापूस भरलेला अंगरखा कापला जातो. पात्याच्या ज्या भागाने वार लागला असता मुठीला सर्वांत कमी हिसका बसतो, त्या भागाने केलेला वार शस्त्राची बहुतेक ऊर्जा लक्ष्यात उतरवतो. हा भाग टोकापासून काहीसा अलीकडे असतो व अनुभवी तलवारबाज तो सवयीने ओळखतो.

वाराचे बळ आणि वारांची गती यांपैकी कशाला महत्त्व द्यावे, हे शत्रूच्या संरक्षक साधनांवर ठरते. हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एक गदाधारी मिनिटाला १० आघात करतो व त्याच्या प्रत्येक आघाताचे बळ ६ आहे. दुसरा तलवारधारी मिनिटाला २० आघात करतो व त्याच्या आघाताचे बळ ४ आहे. चिलखत नसलेल्या शत्रूवर पहिल्याची एकूण हानी ६०, तर दुसऱ्याची ८० होते. येथे तलवारधारी श्रेष्ठ ठरतो. आता शत्रूच्या अंगावरील चिलखत प्रत्येक आघातातील ३ इतके बळ शोषून घेते असे मानू. गदाधाऱ्याचे प्रत्येक आघातात ३, म्हणजे मिनिटाला ३० उरतात. तलवारधाऱ्याचे प्रत्येक आघातात १, म्हणजे मिनिटाला अवघे २० उरतात. योद्धे तेच व शस्त्रेही तीच असताना केवळ चिलखतामुळे श्रेष्ठ-कनिष्ठ क्रम उलटा होतो. चिलखत घालणाऱ्या सैन्यांविरुद्ध गदा, गुर्ज, परशू यांसारखी जड शस्त्रे किंवा कड्यांच्या जाळीतून शिरणारी टोकदार कट्यार का टिकून राहिली, याचे कारण या हिशेबात आहे.

शस्त्रे : दख्खनमध्ये हातघाईच्या शस्त्रांचे विपुल प्रकार प्रचलित होते. वक्र पात्याची तलवार घोड्यावरून ओढता वार करण्यास सोयीची असते, कारण वक्र धार लक्ष्यावरून घसरत जाऊन लांब जखम करते. सरळ पात्याची धोप छाट मारण्यास व भोसकण्यास अशी दोन्ही प्रकारे वापरता येते. पोर्तुगीज व इतर यूरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आलेल्या सरळ पात्यांना येथील मूठ बसवून ज्या तलवारी तयार होत, त्या ‘फिरंग’ किंवा ‘फिरंगी’ या नावाने ओळखल्या जात. पोलादाच्या बाबतीत दख्खन स्वतःही प्रसिद्ध होता. सध्याच्या तेलंगणातील कोनासमुद्रम् यासारख्या ठिकाणी तयार झालेले उच्च कर्बाचे पोलाद इराणपर्यंत निर्यात होत असे. कर्बाचे प्रमाण अधिक असल्याने अशा पोलादाची धार कठीण राहते व दीर्घकाळ टिकते. बोथट तलवारीचा वार लागला तरी त्याचे फल अल्प, या दृष्टीने धार टिकणे हाही एकूण हानीचाच घटक होय.

हातघाईच्या शस्त्रांत पट्टा किंवा दांडपट्टा हे विशेष लक्षणीय शस्त्र आहे. त्याचे पाते सरळ, लांब, लवचिक व बहुधा दुधारी असून मुठीच्या जागी मनगट व कोपराखालील हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो. योद्धा खोबळ्याच्या आत आडवी मूठ धरतो. त्यामुळे मनगट वळवता येत नाही. वार खांद्यातून, कमरेतून आणि पावलांच्या फिरकीतून काढावा लागतो. हे बंधन पट्ट्याचा दोष वाटण्याचा संभव आहे, परंतु त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. पाते हाताच्याच रेषेत असल्याने पल्ला वाढतो, हाताला वेगळ्या संरक्षणाची गरज राहत नाही आणि अंगाच्या सलग फिरकीमुळे एक वार संपताच दुसरा सुरू होतो. वारांमधील रिकामा वेळ कमी होणे हा पट्ट्याचा खरा लाभ होय. गर्दीत अनेकांनी घेरले असता भोवती मोकळे वर्तुळ राखण्यासाठी तो विशेष उपयोगी पडतो. मात्र स्वतःच्या साथीदारांच्या दाट रांगेत तो फिरवता येत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा दर्जा दिला.

अंतर अगदी कमी झाले, की लांब शस्त्रे निरुपयोगी होतात व आखूड शस्त्रांचे महत्त्व वाढते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज व अफझलखान यांच्या भेटीत आलिंगनाइतक्या जवळून वाघनख, बिचवा यांसारख्या शस्त्रांचा उपयोग झाल्याचे परंपरा सांगते. अंगरख्याखाली चिलखत व डोक्यावरील वस्त्राखाली शिरस्त्राण असल्यामुळे महाराजांवरील वार निष्फळ झाला. येथे एका बाजूचा आघात चिलखताने शून्यवत केला, तर दुसऱ्या बाजूचे आखूड शस्त्र योग्य अंतरावर पूर्ण परिणामकारक ठरले.

तुळजापूर येथील तुळजाभवानीची मूर्ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची आहे. तिच्या हातांत धनुष्य, बाण व चक्र ही दुरून मारण्याची, तर त्रिशूळ व बिचवा ही जवळून मारण्याची आयुधे दाखविलेली असून एका हाताने तिने दैत्याची शेंडी धरलेली आहे. धार्मिक अर्थाव्यतिरिक्त शस्त्रविद्येच्या दृष्टीनेही ही रचना अर्थपूर्ण आहे. शेंडी धरलेला शत्रू मागे सरकू शकत नाही. तो सतत पल्ल्यात राहतो. देवीने शिवाजी महाराजांना तलवार दिल्याची परंपरा लोकमानसात रूढ असून शारदीय नवरात्रात देवीची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधण्यात येते.

पवित्रा व शिक्षण : मर्दानी खेळांच्या आखाड्यांत शिक्षणाचा आरंभ शस्त्राने न होता पावलांपासून होतो. शत्रूच्या पल्ल्याबाहेर उभे राहणे, एका पावलात आत शिरून वार करणे आणि प्रतिवार येण्यापूर्वी बाजूला निघणे, यासाठी पवित्रे शिकवितात. पुढे फरी-गदगा, लाठी, बनेटी व त्यानंतर पट्टा, तलवार, भाला असा क्रम असतो. फरी-गदग्यात चामडे मढविलेली काठी व लहान ढाल घेऊन दोघे खेळतात. प्राणहानी न होता अंतराची व वेळेची जाण येणे हा त्याचा हेतू असतो. पट्ट्याने जमिनीवर किंवा तळहातावर ठेवलेले लिंबू कापून दाखविण्याचा प्रकार प्रेक्षकांना केवळ चमत्कार वाटतो; वस्तुतः ती पात्याचा नेमका भाग नेमक्या जागी व नेमक्या खोलीपर्यंत नेण्याची परीक्षा असते. चुकलेला वार बळाच्या हिशेबात कितीही मोठा असला तरी हानीच्या हिशेबात तो धरता येत नाही.

हूल देणे हा शिक्षणाचा दुसरा महत्त्वाचा भाग होय. शत्रूची ढाल एका बाजूस नेऊन दुसऱ्या बाजूने वार केला असता तो अडविला जात नाही. याच कारणाने शत्रूच्या पाठीवर वा कुशीवर जाणे लाभदायक असते. ढालीचाही अर्थ या दृष्टीने समजून घ्यावा लागतो. ढाल आघात करीत नाही, उलट एक हात गुंतवून ठेवते. तरीही ती वापरणारा योद्धा दीर्घकाळ उभा राहतो आणि त्यामुळे त्याच्या हातून होणारी एकूण हानी बहुधा वाढते. दोन्ही हातांत शस्त्रे घेऊन लढणाऱ्याची गती जास्त असली तरी त्याचा टिकाव शत्रूच्या चुकीवर अधिक अवलंबून असतो.

संख्या व जागा : इंग्रज अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या विमानयुद्धविषयक ग्रंथात सैन्यसंख्या व हानी यांच्या संबंधाचे दोन नियम मांडले. दुरून मारा करणाऱ्या सैन्यात अनेक जण एकाच लक्ष्यावर मारा एकवटू शकतात. म्हणून तेथे सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्राचीन पद्धतीच्या हातघाईत मात्र एका वेळी एकाशी एकच भिडतो असे धरल्यास बळ केवळ संख्येच्या समप्रमाणात राहते. समान कौशल्याचे १०० व ६० सैनिक शेवटपर्यंत लढले असे मानले, तर हातघाईच्या नियमाने मोठ्या पक्षाचे ४० उरतात. मारा एकवटण्याच्या नियमाने मात्र ८० उरतात. यावरून लहान तुकडीने मोठ्या सैन्याशी अरुंद जागी हातघाई का पत्करावी, हे स्पष्ट होते. १३ जुलै १६६० च्या घोडखिंडीतील लढाईत बाजीप्रभू देशपांडे यांच्या तुकडीने मोठ्या सैन्यास दीर्घकाळ थोपवून धरले. तेथे शौर्याला जागेची साथ मिळाली होती. खिंडीमुळे शत्रूची बहुसंख्या पल्ल्याबाहेर, नुसती वाट पाहत राहिली.

उलटपक्षी मोकळ्या जागी दोघातिघांनी एकास घेरले, तर हातघाईतही वर्गाच्या नियमाचा काही अंश लागू होतो. तेव्हा एकट्या योद्ध्याने कितीही कौशल्य दाखविले तरी त्याला आपला बहुतेक वेळ वार अडविण्यात घालवावा लागतो. भाल्यांच्या दाट रांगा, तलवारधाऱ्यांच्या पाठीशी असलेली दुसरी फळी आणि थकलेल्यांच्या जागी ताजे सैनिक पुढे आणण्याची व्यवस्था यांचा उगम येथे आहे. मनुष्य पूर्ण जोमाने फार थोडा वेळच वार करू शकतो. थकवा आल्यावर गती मंदावते, नंतर अचूकपणा जातो व शेवटी बचावही ढासळतो.

धाराशिव जिल्ह्यातील दुर्गरचना : हातघाईच्या योद्ध्याला निष्प्रभ करण्याचे सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे किल्ला होय. जिल्ह्यातील परंडा हा भुईकोट किल्ला असल्याने डोंगराचे नैसर्गिक संरक्षण त्यास नाही. ती उणीव खंदक, दुहेरी तटबंदी व बुरूज यांनी भरून काढलेली आहे. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशाहास गादीवर बसविले, तेव्हा परंड्यास काही काळ निजामशाही राजधानीचे स्थान प्राप्त झाले. १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतलेली ‘मलिक-इ-मैदान’ ही प्रचंड तोफ या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये मुरारपंताने ती विजापुरास नेली.

खंदकाचे कार्य शत्रूला बुडविणे हे नसून त्याला थांबविणे हे असते. खंदकाशी अडलेला सैनिक तटावरील बंदूकधाऱ्यांच्या व तोफांच्या पल्ल्यात असतो, पण तटावरचा कोणीही त्याच्या तलवारीच्या पल्ल्यात नसतो. या स्थितीत त्याच्या वाराचे बळ व गती यांना काही अर्थ उरत नाही. खंदक पार झालाच, तर बाहेरचा तट येतो. त्यामागे मोकळी अरुंद पट्टी आणि तीवर आतील उंच तटावरून होणारा मारा. १६३४ मध्ये शाहजादा शुजा व महाबतखान यांनी परंड्यास वेढा घातला. मोगल सैन्य मोठे होते. परंतु वैरण व सरपण दुरून आणावे लागे, ते आणणाऱ्या तुकड्यांवर आदिलशाही फौजा छापे घालीत, आणि अखेर किल्ला न घेताच मोगलांना वेढा उठवावा लागला. पुढे १६६० मध्ये हा किल्ला मोगलांच्या हाती आला, तो किल्लेदारास फितवून. तटावर चढून जे साधले नाही ते बोलणी करून साधले, ही गोष्ट तटाच्या बळाची साक्ष देते.

तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग बोरी नदीच्या वळणावर काळ्या पाषाणाच्या उंचवट्यावर बांधलेला आहे. नदीवरील बंधाऱ्याने मुख्य किल्ला पलीकडील रणमंडळ या लहान दुर्गाशी जोडलेला असून बंधाऱ्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकीर्दीत, १६१३ च्या सुमारास, पाणीमहाल बांधण्यात आला. बंधाऱ्यामुळे अडलेले पाणी पिण्यास उपयोगी पडे, त्याचबरोबर चढाई करणाऱ्यास ते ओलांडावे लागे. आतील उंच उपळी बुरूजावरून सभोवतालच्या मोठ्या टापूवर नजर ठेवता येत असल्याने शत्रू पल्ल्यात येण्याच्या पुष्कळ आधी दिसत असे. रणमंडळ हे नावही अर्थपूर्ण आहे. दख्खनी दुर्गांत दरवाजाच्या तोंडाशी, तट व बुरूज यांनी वेढलेल्या ज्या जागेत आत शिरलेल्या शत्रूवर अनेक बाजूंनी मारा करता येतो, तिलाही रणमंडळ असे म्हणतात.

दरवाजांची रचनाही याच तत्त्वावर असते. मार्ग सरळ आत न नेता तटाआडून वळविला जातो. वळणामुळे हत्तीला किंवा ओंडका घेऊन येणाऱ्या जमावाला धाव घेण्यास जागा मिळत नाही. दाराच्या फळ्यांवरील लोखंडी खिळे हत्तीस मस्तकाने धडक मारू देत नाहीत. आणि दिंडी दरवाजातून एका वेळी एकच मनुष्य, तोही वाकून, आत येऊ शकतो. वाकलेला सैनिक वार करू शकत नाही, पण त्याच्यावर वार करता येतो. आतील देवडीतील चारदोन पहारेकरी अशा वेळी पुष्कळांना पुरे पडतात. तटाला खिंडार पडल्यावर मात्र हा हिशेब बदलतो. तेव्हा शिबंदीला खिंडारातच हातघाई करावी लागे आणि वेढ्यातील सर्वाधिक मनुष्यहानी बहुधा अशा थोड्या हात रुंदीच्या जागेतच होत असे.

अस्त : मागून भरण्याच्या व जलद झडणाऱ्या बंदुका प्रचारात आल्यावर एकोणिसाव्या शतकात हातघाईच्या युद्धाचे निर्णायक महत्त्व संपले. योद्धा शत्रूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पडू लागला. म्हणजे तिसरा घटक, पल्ल्यातील काळ, जवळजवळ शून्य झाला. हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाईच्या पहिल्याच दिवशी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याने सोलापूर–हैदराबाद मार्गाने येऊन नळदुर्ग घेतला. त्या चकमकीत बोरी नदीवरील पूल उद्‌ध्वस्त होण्याच्या आत ताब्यात घेणे हे मुख्य काम होते. साधने सर्वस्वी बदलली होती, तरी त्या नदीचे काम तेच राहिले होते : येणाऱ्यास थांबविणे.

भूमिकाखेळातील निकटयोद्धा : गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात पात्रांचे लढवय्या, जादूगार व धर्मोपासक असे वर्ग होते. जवळून लढणाऱ्या वर्गाची कल्पना तेथून संगणकावरील खेळांत उतरली. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७), ‘एव्हरक्वेस्ट’ (१९९९) व ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळांनी हजारो खेळाडूंना इंटरनेटद्वारे एकाच काल्पनिक जगात आणले. अशा खेळांत सामान्यतः शत्रूचे वार अंगावर घेणारा (टँक), जखमा भरून काढणारा (हीलर) व हानी करणारा (डॅमेज) अशी कामाची विभागणी असते. हानी करणाऱ्यांपैकी जो तलवार, परशू, खंजीर इत्यादींनी जवळून लढतो, त्याला ‘मेली’ वर्गाचा, म्हणजेच निकटयोद्धा, म्हणतात. दर सेकंदाला होणारी सरासरी हानी हे त्याच्या कर्तबगारीचे माप मानले जाते.

या मापात वाराचे मूळ बळ, वारांची गती, नेम लागण्याची शक्यता व ‘क्रिटिकल’ म्हणजे विशेष जबर वाराची शक्यता हे घटक एकमेकांशी गुणले जातात. जबर वाराची शक्यता २० टक्के असून तो वार दुप्पट हानी करीत असेल, तर सरासरी हानी मूळच्या १.२ पट होते. आता खेळाडूस दोन वस्तूंपैकी एक निवडावयाची आहे असे समजू : एक मूळ बळ १० टक्क्यांनी वाढविते, दुसरी जबर वाराची शक्यता २० वरून ३० टक्के करते. पहिलीने हानी १० टक्के वाढते. दुसरीने ती १.२ पटीवरून १.३ पट, म्हणजे सुमारे ८.३ टक्केच वाढते. येथे पहिली वस्तू चांगली. परंतु जबर वार अडीचपट हानी करीत असेल, तर दुसऱ्या वस्तूने सरासरी १.३ पटीवरून १.४५ पट, म्हणजे सुमारे ११.५ टक्के वाढते व ती सरस ठरते. यावरून कोणतीही वस्तू निरपेक्षपणे उत्तम नसते. जो घटक मागे पडलेला आहे तो वाढविणे बहुधा अधिक लाभाचे असते.

बळाने भरलेले विशेष वार एकदा वापरले, की ठरावीक काळ पुन्हा वापरता येत नाहीत. या विरामास ‘कूलडाउन’ म्हणतात. असे वार जेव्हा शत्रू दुबळा केलेला असेल व साथीदारांचे साहाय्य चालू असेल तेव्हा एकत्र वापरावेत, आणि एरवी साध्या वारांची साखळी तुटू देऊ नये, हा नियम अनुभवी खेळाडू पाळतात. शत्रूच्या पाठीमागे उभे राहण्याचाही प्रघात आहे. पुष्कळ खेळांत पाठीमागून आलेला वार शत्रूस शस्त्राने अडविता येत नाही आणि त्याच्या समोरच्या बाजूस होणारा मारा चुकतो.

तथापि नवशिक्या खेळाडूचे लक्ष शस्त्राच्या आकड्याकडे असते आणि त्याचे नुकसान दुसरीकडे होत असते. ३०० सेकंदांच्या एका लढतीत एक खेळाडू सेकंदाला १२० हानी करतो, पण आगीपासून पळणे, उशिरा परत येणे व मधेच पडणे यांमुळे तो ६० टक्के काळच पल्ल्यात राहतो. त्याची एकूण हानी २१,६०० होते. दुसऱ्याचे शस्त्र हलके असून तो सेकंदाला १०० च हानी करतो, पण ८० टक्के काळ पल्ल्यात टिकतो. त्याची एकूण हानी २४,००० होते. दुरून बाण मारणाऱ्या पात्रास हा तोटा कमी सोसावा लागतो. निकटयोद्ध्यास मात्र शत्रू कोठे सरकणार हे आधी ओळखून तेथे पोहोचावे लागते, आणि हीलर व टँक यांच्याशी मेळ राखावा लागतो. मेलेल्या पात्राची हानी दर सेकंदाला शून्य असते, हे या खेळातील सर्वांत साधे व सर्वाधिक वेळा विसरले जाणारे सूत्र होय.

साम्य व मर्यादा : खेळाचा हिशेब व रणांगणाचा हिशेब यांत वरील साम्य असले, तरी काही भेद मूलभूत आहेत. खेळात शत्रूच्या प्राणांचा साठा आकड्यांत मांडलेला असतो व तो वारागणिक कमी होतो. प्रत्यक्षात एका जखमेने मनुष्य कोसळू शकतो, किंवा अनेक जखमा होऊनही लढत राहू शकतो. खेळातील पात्रास भीती वाटत नाही. रणांगणावर मात्र फळी मोडून सैन्य पळू लागल्यानंतर, म्हणजे पाठ दाखविल्यानंतर, फार मोठी हानी होते. आणि पडलेले पात्र काही वेळाने पुन्हा उभे राहते. परंड्याच्या खंदकाशी किंवा नळदुर्गाच्या तटाखाली पडलेल्या सैनिकाला अंतराची चूक दुसऱ्यांदा सुधारण्याची संधी नव्हती. म्हणूनच आखाड्यात आधी पाऊल व मागाहून शस्त्र शिकवीत.